लाकडी तुकड्यांचं भिंतचित्र : तुकडे प्लायवर चिकटवायचे कसे आणि दाबून धरायचे कसे

वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे कापून, घासून, एकमेकांशी जुळवून केलेलं भिंतचित्र बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर. कापणी नीट झालेली असते, पॉलिश पेपर मारून झालेला असतो, आणि मग फेव्हिकॉल लावून दाब दिल्यावर मधला तुकडा दोन मिलिमीटर सरकतो आणि त्याच्या पुढचे सगळे जागा सोडतात. नवशिक्याला वाटतं की क्लॅम्प (आवळून दाबून धरायचे शिकंजे) कमी पडले. खरं म्हणजे या कामात ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही. पन्नास-शंभर ग्रॅमचा तुकडा प्लायवर धरून ठेवायला फेव्हिकॉलची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. अडचणी तीन : तुकडा सरकणं, फेव्हिकॉल बाहेर येऊन पॉलिश खराब होणं आणि मागचा प्लाय वाकणं. पुढचं सगळं या तिघांना टाळण्यासाठी आहे.

उदाहरणाला सह्याद्रीच्या डोंगररांगांचं एक चित्र घेऊ. रुंदी ६०० मिमी, उंची ४०० मिमी, तुकडे साधारण २५. मागच्या रांगा आणि आकाश शिवणीचं, कारण ते लाकूड फिकट असतं. मधल्या रांगा सागवानाच्या, अगदी पुढची रांग शिसमाची, आणि सूर्य फणसाचा. फणसाचं लाकूड ताजं कापल्यावर छान पिवळं दिसतं, पण उजेडात राहून काही महिन्यांत तपकिरीकडे झुकतं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. खोली दिसावी म्हणून मागचे तुकडे ८ मिमी, मधले १२ मिमी आणि पुढचे १६ मिमी जाडीचे. जाडीतला हा फरक दिसायला सुंदर, दाब देताना त्रासदायक. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

लाकूड सुकलेलं आहे ना

वखारीतून आणलेली फळी किंवा जुन्या दाराचं सागवान कापल्या-कापल्या चिकटवू नका. तुकडे कापून झाले की ते चित्र टांगायचं त्याच खोलीत, हवा खेळेल असे उभे करून आठवडा-दोन आठवडे ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दोन मोठे तुकडे निवडा, दर दोन दिवसांनी वजन करा आणि आकडा तुकड्याच्या पाठीवरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड खोलीच्या हवेशी जमलं.

हे इतकं का? लाकूड ओलाव्याने रेषेच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवान या बाबतीत शहाणं लाकूड मानतात, तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतं. कोकणातला जुलै आणि तिथलीच कोरडी थंडी यांच्यात लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला असं धरलं, तर १०० मिमी रुंद सागवानी तुकडा पाऊण मिलिमीटरने लहान-मोठा होतो. आपल्या चित्रात सगळ्या रांगांच्या रेषा आडव्या आहेत, म्हणजे ४०० मिमी उंचीत एकूण फरक तीन मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकतो. चिकटवल्यावर प्लाय त्यातला बराचसा रोखतो, पण सगळा नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये काम करत असाल तर रांगांच्या मध्ये जाड कागदाइतकी फट राहू द्या. पावसाळ्यात एकमेकांत घट्ट ठोकून बसवलेलं चित्र उन्हाळ्यात फटी दाखवतंच. त्यामुळे शक्य असेल तर चिकटवण्याचं काम पावसाळ्यात काढूच नका, कापणी आणि घासणी तेव्हा उरकून घ्या.

मागचा प्लाय

एवढ्या आकाराला ९ मिमी प्लाय घ्या. फूटभर चौरसापर्यंत ६ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) चालतं, तीन फुटांच्या वर गेलात तर १२ मिमी प्लाय. घरातल्या कोरड्या भिंतीसाठी आयएस ३०३ (भारतीय मानकाचा क्रमांक) चा साधा प्लाय पुरतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पश्चिमेकडच्या भिंतीवर टांगायचं असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. एमडीएफ सपाट असतं, स्वस्त असतं, पण कडेने ओल धरली की फुगतं आणि परत बसत नाही.

दुकानातच प्लाय सपाट फरशीवर पालथा ठेवून चारही कोपरे दाबून पाहा. कोपरा टकटक वाजला तर त्यात पीळ आहे, तो तुकडा परत करा. क्लॅम्प लावून पीळ निघत नाही. क्लॅम्प काढला की प्लाय परत आपल्या जागी येतो आणि येताना तुकड्यांचे कोपरे उचकटतो.

एक चूक वारंवार दिसते ती म्हणजे आधीच सनमायका किंवा लॅमिनेट चढवलेला बोर्ड मागे वापरणं. फर्निचरच्या कामातून उरलेला पांढरा बोर्ड घरात पडलेला असतो, तो हाताशी येतो. पण पांढरा फेव्हिकॉल सुकतो तो त्यातलं पाणी लाकडात शोषलं गेल्यामुळे. एका बाजूला लॅमिनेट असलं तर पाण्याला निम्मीच वाट उरते, आणि लाकडाच्या पाठीवरही पॉलिश लागलेलं असलं तर वाटच उरत नाही. दोन दिवसांनी तुकडा उचलावा तर खाली दूध तसंच. मग त्या बोर्डावर कितीही वजन ठेवा.

दोनच कामं चिकटवण्याआधी प्लायवर उरकायची आहेत. पहिलं, टांगायची पट्टी. १२ मिमी जाड, ५० मिमी रुंद लाकडाची पट्टी लांबीत ४५ अंशात चिरून दोन भाग करा. एक भाग चित्राच्या मागे वरच्या बाजूला, तिरपी कड खाली आणि प्लायकडे चढती राहील असा. दुसरा नंतर भिंतीवर, तिरपी कड वर आणि भिंतीकडे उतरती. चित्रावरची पट्टी फेव्हिकॉल लावून पुढच्या बाजूने १९ मिमी स्क्रूने घट्ट करा. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडवा, वर तुकडे आले की ती झाकली जातील. चित्र पूर्ण झाल्यावर मागून लांब स्क्रू मारायला गेलात तर एखादं टोक सूर्याच्या मधोमध बाहेर येतं. खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीची पट्टी लावा, म्हणजे चित्र भिंतीला समांतर राहील, मागे हवा खेळेल आणि प्लायचा बाकही आवरला जाईल.

दुसरं, फटींचा रंग. चित्राचा नकाशा प्लायवर उतरवून घ्या आणि जिथे दोन तुकडे भेटतात त्या रेषेवर ४-५ मिमी रुंद काळा किंवा गडद तपकिरी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) ओढा. नंतर फट उघडली तरी आतून पांढरा प्लाय डोळ्यात येत नाही. सगळ्या प्लायला ऑइल पेंट मारू नका. फेव्हिकॉल मग लाकडाला नाही, रंगाला चिकटतो, आणि रंग सुटला की तुकडाही सुटतो.

कोणता फेव्हिकॉल

साधा पांढरा एसएच नवशिक्यासाठी सर्वात योग्य. तुकडा जागेवर हलवायला आठ-दहा मिनिटं मिळतात, बोटं पाण्याने धुतली जातात, चूक दुरुस्त करता येते. मरीन फेव्हिकॉल ओल्या भिंतीसाठी, वापरायची पद्धत तीच. झटपट सुकणारे प्रकार पहिल्या दोन-तीन चित्रांत टाळा, २५ तुकडे मांडेपर्यंत ते थांबत नाहीत.

सनमायकाला लावतात तो पिवळा रबरी सोल्यूशनचा प्रकार, एसआर ९९८ वगैरे, या कामाला नको. दोन्ही बाजूंना लावून सुकवून टेकवलं की तुकडा तिथेच पकडतो, अर्धा मिलिमीटरही सरकवता येत नाही. शिवाय रबरी थर सतत थोडा ताणत राहतो, जड तुकडे उन्हाळ्यात हळूहळू खाली उतरतात. अराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) फक्त अशा ठिकाणी वापरा जिथे तुकड्याची पाठ पूर्ण सपाट नाही किंवा लाकडाबरोबर पितळ, दगड असं काही बसवायचं आहे. फट भरून काढण्याची ताकद त्याच्यातच आहे, पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये नाही. तो सुकताना आकसतो, म्हणून जाड थर घातला तर आत पोकळी राहते.

प्रमाण : दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम. आपलं चित्र ०.२४ चौरस मीटरचं आहे, म्हणजे पूर्ण कामाला ४०-५० ग्रॅम. पाव किलोचा डबा घेतलात तर पाच चित्रं होतील. ८० बाय १०० मिमीच्या एका तुकड्याला दीड ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम पाव चमचा. हे प्रमाण नवशिक्याला फारच कमी वाटतं, आणि तिथेच तो दुप्पट ओततो.

सागवान आणि शिसम ही तेलकट लाकडं. कापून महिना झाला असेल तर पृष्ठभागावर तेलाचा थर वर येतो आणि फेव्हिकॉल नीट मुरत नाही. चिकटवण्याच्या दिवशी पाठीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, पांढऱ्या कपड्यावर थिनर घेऊन पुसा, थिनर उडून गेला की तासाभरात चिकटवा. कपडा पिवळसर होतो तो रंग त्या तेलाचाच. थिनर वापरताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद.

कोरडी मांडणी

नकाशाच्या तीन झेरॉक्स काढा. एक कापायला, एक प्लायवर उतरवायला, एक भिंतीवर चिकटवून ठेवायला. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण. डोंगराचे दोन तुकडे उलटसुलट झाले तर आकारावरून लवकर कळत नाही, रेषा चुकल्यावर कळतं.

प्लाय टेबलावर ठेवून खालच्या आणि डाव्या कडेला दोन सरळ पट्ट्या क्लॅम्पने बांधा. कोपरा गुण्याने (काटकोन पाहायच्या सुतारी साधनाने) तपासा. या पट्ट्या म्हणजे कुंपण, सगळे तुकडे त्यांना टेकून वर आणि उजवीकडे वाढत जातील. पट्ट्यांच्या आतल्या कडेला सेलोटेप चिकटवा, नाहीतर त्याही चित्राचा भाग होऊन बसतात. मग सगळं चित्र एकदा कोरडं मांडा.

मांडल्यावर एकेक तुकडा बोटाने चारही कोपऱ्यांवर दाबा. डुलला, तर त्याची पाठ सपाट नाही. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पाठ घासा, पाठीवर आधी पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून घ्या. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की पाठ सपाट. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारंही हेच आहे. पाठ सपाट असेल तर नुसत्या वजनावर भागतं, पाठ डुलत असेल तर दहा क्लॅम्प लावूनही दोनच टोकं चिकटतात.

जोडात थोडीथोडी चूक साचत जाते. रांगेत सहा तुकडे आणि प्रत्येकी पाव मिलिमीटर जास्त म्हटलं तरी उजव्या टोकाला दीड मिलिमीटर बाहेर. म्हणून सर्वात वरचे आकाशाचे तुकडे आणि प्रत्येक रांगेचा उजवीकडचा शेवटचा तुकडा मुद्दाम २ मिमी मोठा कापून ठेवा, बाकीचे चिकटवून सुकल्यावर तो मापाने घासून बसवा.

पॉलिश कधी करायचं? आधी. चिकटवल्यावर जाडीच्या पायऱ्यांमध्ये कपडा पोचत नाही. तुकड्याचा दर्शनी भाग आणि कडा पूर्ण पॉलिश करा, पाठीला मास्किंग टेप लावून ती कोरी ठेवा. कडेवर पॉलिश असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बाहेर आलेला फेव्हिकॉल तिथे मुरत नाही, निघून येतो. जवसाच्या तेलाचं पॉलिश करणार असाल तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मग टाका.

लावणी

पंखा बंद करा. वाऱ्याने फेव्हिकॉलवर साय धरते आणि मग तो वरून चिकट वाटला तरी दुसऱ्या लाकडात मुरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी तीन-चार मिनिटांतच ही साय येते, तिथे सकाळी लवकर काम करा.

सगळे २५ तुकडे एका दमात लावायचे नाहीत. खालून वर चार हप्ते पाडा : पुढची रांग, मधल्या दोन, मागच्या रांगा, आकाश आणि सूर्य. एका हप्त्यात सहा-सात तुकडे. पुढचा हप्ता मागचा निदान तासभर दाबाखाली राहिल्यावर. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत आरामात होतं.

फेव्हिकॉल तुकड्याच्या पाठीवर लावा, प्लायवर नाही. जुना दात घासायचा ब्रश किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड घेऊन तो पसरवा, इतका पातळ की खालच्या लाकडाचा रंग दुधाआडून दिसत राहील. कडेपासून ५-६ मिमी जागा कोरी सोडा, दाबल्यावर थर तेवढा पसरतोच. रेषेच्या आडव्या दिशेने ७५ मिमीपेक्षा रुंद तुकड्याला मात्र सगळीकडे लावू नका. त्याच्या मधोमध, रेषेला समांतर, ४०-५० मिमी रुंद पट्टाच लावा. दोन्ही बाजूंना लाकूड फुगायला-आकसायला मोकळं राहतं. पूर्ण चिकटवलेला रुंद तुकडा वर्षभरात एकतर मधून तडकतो, नाहीतर प्लायलाच बाक आणतो.

तुकडा जागेवर ठेवल्यावर दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे घासून बसवा. हवा निघते, थर एकसारखा होतो, आणि मिनिटभरात हाताला पकड जाणवते. लगेच क्लॅम्प लावू नका. ताजा फेव्हिकॉल वंगणासारखा वागतो, स्क्रू आवळला की तुकडा क्लॅम्पबरोबर फिरतो. दोन-तीन मिनिटं थांबा.

सरकू नये म्हणून करायच्या युक्त्या तीन, आणि प्रत्येकीची जागा वेगळी.

लहान तुकड्यांना, तळहातापेक्षा छोट्या, फेव्हिक्विक. पाठीवर फेव्हिकॉल लावताना दोन ठिकाणी बोटाएवढी जागा कोरी सोडा, तिथे फेव्हिक्विकचा एकेक थेंब टाका, बरोबर जागेवर ठेवा आणि तीस सेकंद दाबा. थेंब क्लॅम्पचं काम करतो, खरी पकड पुढे फेव्हिकॉलची. यात एकदा ठेवला की हलवता येत नाही, म्हणून कुंपण आणि शेजारचा तुकडा पक्का असेल तरच करा. थेंब जास्त झाला तर त्याची वाफ शेजारच्या पॉलिशवर पांढरट धुकं आणते, शिसमावर ते लगेच दिसतं.

मध्यम तुकड्यांना चुका, म्हणजे बारीक खिळे. प्लायमध्ये अर्धा इंची बारीक चुका दोन ठिकाणी अर्धवट ठोका, कटरने त्यांची डोकी उडवून २ मिमी टोक वर ठेवा. तुकडा कोरड्या मांडणीतच त्यावर ठेवून रबरी हातोडीने हलका ठोका, पाठीत खुणा उमटतात. फेव्हिकॉल लावल्यावर तुकडा त्याच खुणांवर परत बसतो. एका तुकड्याला दोन चुका हव्यातच, एकच असली तर तुकडा तिच्याभोवती फिरतो.

मोठ्या आणि जड तुकड्यांना मागून स्क्रू. प्लाय ९ मिमी आणि तुकडा १२ किंवा १६ मिमी असेल तर १६ मिमी लांबीचा बारीक स्क्रू बरोबर बसतो : नऊ प्लायमध्ये, सात तुकड्यात. प्लायमधलं भोक आधी पाडा आणि रेषेच्या आडव्या दिशेने थोडं लांबट करा, तुकड्याला हालचाल मिळते. मागच्या ८ मिमी तुकड्यांना मात्र हा स्क्रू मारू नका. सात मिलिमीटर आत गेला तर वर फक्त एक उरतो आणि दर्शनी भागावर फोड येते.

दाब

थोडा हिशेब करू. लाकडाचे जोड चिकटवताना दर चौरस सेंटिमीटरला सात ते दहा किलो किंवा जास्तच दाब द्यावा असं सांगतात. पाण्याचे २० लिटरचे दोन जार या चित्रावर ठेवले तर वजन ४० किलो, क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सतरा ग्रॅम. सांगितलेल्या दाबाचा चारशेवा भागही नाही. तरीही वजनाखाली चिकटवलेली चित्रं वर्षानुवर्षं टिकतात, कारण इथे जोडावर भार नाही, तुकड्याची पाठ प्लायला सगळीकडे टेकलेली असणं एवढंच हवं. पाठ सपाट असेल तर वजन पुरतं. पाठीत किंचित बाक असेल, लाकूड कठीण असेल, तर क्लॅम्प लागतो.

आपल्या चित्रात जाडी ८, १२, १६ अशी आहे. वर सपाट फळी ठेवून वजन दिलं तर सगळा भार पुढच्या रांगेवर जातो, आकाशावर शून्य. यासाठी सर्वात सोपी गोष्ट वाळूच्या पिशव्या. चाळून उन्हात वाळवलेली वाळू झिपच्या पिशवीत किलो-सव्वा किलो भरा, पिशवी पाऊणच भरा म्हणजे ती आकार घेते. त्यावर दुसरी पिशवी चढवा, कारण फुटली तर वाळू ओल्या फेव्हिकॉलमध्ये आणि पॉलिशवर ओरखडे. तुकड्यांवर बटर पेपर, त्यावर पिशव्या अंग चोरून शेजारी-शेजारी. ६०० बाय ४०० ला पंचवीसेक पिशव्या लागतात. हप्त्याहप्त्याने काम असल्यामुळे दहा-बारा पुरतात. वर्तमानपत्र बटर पेपरच्या जागी वापरू नका, ते चिकटतं आणि शाई सोडतं.

जाडीतला फरक ४-५ मिमीच्या आत असेल तर क्लॅम्पची पद्धत करता येते. खाली १८ मिमी जाड सपाट बोर्ड, त्यावर चित्र, बटर पेपर, मग १० मिमीचा मऊ फोम (जुनी योगा मॅट उत्तम), त्यावर दुसरा १८ मिमी बोर्ड. चित्राच्या मागे टांगायच्या पट्ट्या आहेत, म्हणून खालच्या बोर्डावर त्या दोन्हींच्या मधल्या जागेत तेवढ्याच जाडीचे प्लायचे तुकडे टाका. ते विसरलात तर प्लाय मधे खाली दबतो आणि तसाच सुकतो.

साध्या एफ-क्लॅम्पचा जबडा कडेपासून ५०-८० मिमीच आत पोचतो, मध्यभाग राहून जातो. त्यासाठी आडव्या दाबपट्ट्या करा : ५०० मिमी लांब, ४० बाय ५० मिमी जाडीचं सरळ लाकूड, एका बाजूला रंधा मारून टोकांकडे दीड मिलिमीटर उतार द्या, म्हणजे मधे किंचित पोट राहील. ते पोट बोर्डाकडे ठेवून पट्टी आडवी टाका, दोन्ही टोकांना क्लॅम्प. टोकं आवळली की दाब आधी मधे येतो आणि मग बाहेर पसरतो. चार पट्ट्या, दर दीडशे मिलिमीटरवर एक, आठ क्लॅम्प. आवळताना मधल्या पट्ट्या आधी, कडेच्या नंतर, आणि एकेका क्लॅम्पला एकदम पूर्ण न आवळता दोन फेऱ्यांत. मध्यम एफ-क्लॅम्प हाताने आवळला तरी शंभरेक किलोचा दाब सहज देतो, म्हणून हत्तीसारखं बळ लावायची गरज नाही. कडेला फेव्हिकॉलचे बारीक मणी दिसले की थांबा. ओघळ आला तर थर जाड होता. मणीच आले नाहीत तर घाबरू नका, कडेला जागा सोडलेली आहे.

थांबायचं किती

कोरड्या हवेत तासाभराने दाब काढून पुढचा हप्ता घेता येतो, पण शेवटच्या हप्त्यानंतर पूर्ण चित्र २४ तास दाबाखाली राहू द्या. पावसाळ्यात ४८ तास. पुण्या-नाशिककडच्या थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला तर पांढरा फेव्हिकॉल नीट थर धरत नाही, खडूसारखा भुरभुरीत सुकतो. अशा दिवसांत दुपारी चिकटवा आणि रात्री काम आतल्या खोलीत ठेवा.

काम सुरू करतानाच त्याच लाकडाचा एक रद्दी तुकडा त्याच प्लायच्या रद्दी तुकड्यावर चिकटवून तेवढाच वेळ दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी पटाशी घालून उचकटा. लाकडाचे तंतू फाटून प्लायला राहिले तर जोड पक्का. दोन्ही बाजू स्वच्छ सुटल्या आणि मधे चकचकीत थर दिसला तर लाकूड तेलकट होतं, किंवा साय धरल्यावर टेकवलं. चित्र उभं करण्याआधी हे कळणं चांगलं.

बाहेर आलेला फेव्हिकॉल ओला असताना ओल्या फडक्याने पुसायची सवय मोडा. सागवानाची छिद्रं मोठी असतात, पातळ झालेला फेव्हिकॉल त्यांत शिरतो आणि तिथे पॉलिश कधीच नीट चढत नाही, पांढरट डाग राहतो. तीस-चाळीस मिनिटं थांबा. तो रबरासारखा झाला की बोथट पटाशीने किंवा बांबूच्या काडीने अख्खा उचलून येतो.

बिघडलं तर

एखादा तुकडा चुकीच्या जागी सुकलाच, तर ठोकून काढू नका. पांढरा फेव्हिकॉल ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतो. तुकड्यावर दुहेरी सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री मिनिटभर टेकवा, उचला, परत टेकवा. जाड तुकड्याला उष्णता आत पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. मग कडेने पातळ पात्याचा सुरा सरकवत न्या. पॉलिश खराब होईल हे गृहीत धरा. त्या जागेचा जुना थर प्लायवरून खरवडून उघडं लाकूड दिसल्याशिवाय नवा फेव्हिकॉल लावू नका, सुकलेल्या थरावर तो धरत नाही.

कोपराच उचलला असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजने खाली थोडा पातळ केलेला फेव्हिकॉल सोडा, बटर पेपर, वर लाकडाचा ठोकळा, वाळूची पिशवी, रात्रभर.

सगळ्या चित्रालाच बाक आला असेल, मधला भाग आत गेलेला आणि कडा पुढे, तर तुकडे आकसत आहेत आणि मागे त्यांना अडवणारं काही नाही. प्लायची मागची बाजू कोरीच राहिली असेल तर तिला दोन हात सीलर मारा. एका बाजूने ओलावा आत-बाहेर होत राहिला की बाक वाढत जातो. ५ मिमीपर्यंतचा बाक मागे उभ्या दोन पट्ट्या फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवून सरळ होतो. त्यापुढे गेला तर पट्टी सुटते, चित्र नाही सुधारत.

चौकट लावणार असाल तर चित्राच्या चारही बाजूंना २ मिमी मोकळी जागा ठेवा. चौकट फक्त प्लायला जोडा, तुकड्यांना टेकवू नका.

भिंतीवर

वजन काढून ठेवा. ९ मिमी प्लाय सुमारे १.३ किलो, वरचं लाकूड सरासरी ११-१२ मिमी जाडीला पावणेदोन-दोन किलो, पट्ट्या धरून साडेतीन किलोच्या आत. विटांच्या भिंतीत ८ मिमी रॉल प्लग आणि ५० मिमी स्क्रू, पट्टीला दोन ठिकाणी, निदान ३०० मिमी अंतरावर. नुसत्या प्लास्टरमध्ये बसलेला प्लग ओढून पाहा, फिरला तर भोक आणखी खोल विटेपर्यंत न्या. नव्या इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. तिथे साधा प्लग ढिला पडतो, त्या ब्लॉकसाठीचे रुंद दातांचे प्लग हार्डवेअरच्या दुकानात वेगळे मागून घ्या. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचंच असेल तर भिंतीवरच्या पट्टीखाली ५ मिमी वॉशर घालून अंतर वाढवा, आणि खालच्या पट्टीच्या मागेही तेवढ्याच जाडीचे रबरी बूट चिकटवा, नाहीतर चित्र वरून पुढे झुकतं.